खिशात मावणारं पिस्तूल आणि आपली तीन शहरं

खंडेनवमीची शस्त्रपूजा आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. पाटावर तलवार, कट्यार, असलीच तर ढाल, एखादं भाल्याचं पातं, वर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. ग्वाल्हेर असो, इंदूर असो, बडोदं असो, जुन्या मराठी घरांत ही पूजा अजून होते आणि त्या तलवारीची गोष्टही सांगितली जाते. कुणाच्या पणजोबांना ती दरबारातून मिळालेली असते, कुणाची महादजी शिंद्यांच्या वेळची असते. गोष्ट थोडी फुगवलेली असली तरी ती मोठ्यानं सांगितली जाते.

पण त्याच घरात लोखंडी कपाटाच्या आतल्या कप्प्यात फडक्यात गुंडाळलेलं छोटं पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर असेल, तर त्याची गोष्ट कुणी सांगत नाही. कधी घेतलं, कशासाठी घेतलं, कुणी अंगावर बाळगलं, हे विचारलं की मोठी माणसं विषय बदलतात. पाटावर ते कधी येतंच असं नाही, आलं तरी पूजा झाल्या झाल्या आत जातं.

हा फरक का पडला, यावर आज थोडं लिहायचं आहे. त्यासाठी खिशात मावणाऱ्या पिस्तुलांची तुलना करावी लागेल, आणि ती करताना आपली तीन शहरं वाटेत येतील: औरंगाबाद, इंदूर आणि ग्वाल्हेर. तिन्ही वेळा गोळी दुसऱ्याच शहरात झाडली गेली. पण तिचा धागा आपल्या वस्तीपर्यंत आला.

दिसणारं हत्यार, लपलेलं हत्यार

आपले पूर्वज उत्तरेत आणि माळव्यात आले ते हत्यार घेऊनच. लष्कर हे ग्वाल्हेरच्या वस्तीचं नावच शिंद्यांच्या छावणीवरून पडलं. त्या काळी कमरेची तलवार ही माणसाची ओळख होती. तो शिलेदार आहे की बारगीर, सरदार आहे की कारकून, हे लांबूनच कळायचं. हत्यार दिसण्यासाठीच होतं म्हणा ना. समोरच्यानं पाहावं आणि अदबीनं वागावं, एवढं काम ते म्यानातूनच करायचं.

लपवायची हत्यारंही होती. वाघनखं सगळ्यांना माहीत आहेत. १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी काय झालं, ते आपल्याकडे लहान मुलालाही सांगता येतं. बिचवा होता, काठीच्या पोटात पातं असलेली गुप्ती होती. पण या हत्यारांना मर्यादा होती. समोरच्याला मिठी मारता येईल इतकं जवळ जावं लागायचं, आणि चालवणाऱ्याच्या मनगटात बळ लागायचं.

१८५७ नंतर इंग्रजांनी देशभर शस्त्रं काढून घेतली, आणि १८७८ च्या शस्त्र कायद्यानं हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगायला बंदी केली. युरोपियनांना त्यातून सूट होती, आणि हाच त्या कायद्याचा सगळ्यात मोठा डंख होता. संस्थानांत मात्र दरबाराचे आपले नियम चालायचे. त्यामुळे आपल्या घरांत तलवारी राहिल्या, बंदुका राहिल्या, शिकारीची दुनळी राहिली. पण या सगळ्या चीजा दिसणाऱ्या. एवढ्यात युरोपात एक वेगळंच हत्यार तयार होत होतं.

पिस्तूल खिशात कसं मावलं

ठासणीचं पिस्तूल खिशात घालायची गोष्ट नव्हती. दारू सांडायची, भिजायची, आणि एक बार झाला की पुन्हा ठासत बसायचं. सॅम्युअल कोल्टनं १८३६ मध्ये फिरत्या चक्राच्या रिव्हॉल्व्हरचं पेटंट घेतलं तेव्हा पाच-सहा बार एका हत्यारात आले, पण ते हत्यार घोडेस्वाराचं, पट्ट्याला लटकवायचं. १८७२ मध्ये बर्मिंगहॅमच्या वेब्लीनं 'बुलडॉग' नावाचं आखूड रिव्हॉल्व्हर काढलं. नळी जेमतेम अडीच इंच, बार पाच. ओव्हरकोटाच्या खिशात ते राहायचं. १८८१ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली ती अशाच बुलडॉग घाटाच्या रिव्हॉल्व्हरनं.

तरी रिव्हॉल्व्हरची एक अडचण होती. काडतुसांचं चक्र जाड असतं, त्यामुळे खिसा फुगतो. मागचा घोडा उंच असतो, तो बाहेर काढताना अस्तरात अडकतो. अंगरखा असो की कोट, पाहणाऱ्याच्या लक्षात यायचं.

हा प्रश्न सोडवला जॉन ब्राउनिंग या अमेरिकन कारागिरानं. हा युटामधल्या ऑग्डेन गावचा, बंदुका बनवणाऱ्याचा मुलगा. तोवर धूर न करणारी दारू निघाली होती. ती नळी घाण करत नाही, त्यामुळे गोळीच्या धक्क्यावर आपोआप पुढचं काडतूस चढवणारं यंत्र न अडकता चालू शकलं. ब्राउनिंगनं काडतुसं चक्रातून काढून मुठीच्या आत एकावर एक रचली. हत्यार चपटं झालं. बेल्जियममध्ये लिएजजवळ हेर्स्टाल इथल्या एफएन कारखान्यानं ते १९०० च्या सुमारास बाजारात आणलं. वजन सुमारे ६२५ ग्रॅम, लांबी १७ सेंटिमीटरच्या आसपास, मॅगझीनमध्ये ७ गोळ्या, माप ७.६५ मिलिमीटर, ज्याला आपल्याकडे .३२ म्हणतात. मुठीच्या पट्टीवर त्याच पिस्तुलाचं छोटं चित्र कोरलेलं असायचं.

हे पिस्तूल प्रचंड खपलं. सावकारानं घेतलं, डॉक्टरनं घेतलं, रात्रीच्या गाडीनं जाणाऱ्या व्यापाऱ्यानं घेतलं. त्या काळच्या पुष्कळ लोकांना ते खरोखरच जिवाच्या रक्षणासाठी हवं होतं, हे विसरून चालणार नाही. पण जे सावकाराच्या खिशात दिसत नाही, ते दुसऱ्याच्याही खिशात दिसत नाही. १९०४ मध्ये हेलसिंकीत रशियाचा गव्हर्नर जनरल बोब्रिकोव्ह याच नमुन्याच्या पिस्तुलानं मारला गेला. २६ ऑक्टोबर १९०९ ला हार्बिनच्या रेल्वे स्टेशनात कोरियाच्या आन जुंग-गुन यांनी जपानच्या इतो हिरोबुमींवर गोळ्या झाडल्या, त्याही याच पिस्तुलातून. पहारा होता, सैनिक होते, पण हत्यार कुणाला दिसलं नाही.

आणि त्यानंतर बरोबर आठ आठवड्यांनी नाशिक.

औरंगाबादचा विद्यार्थी

अनंत लक्ष्मण कान्हेरे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले, पण शिकायला होते औरंगाबादला. औरंगाबाद तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे हैदराबादकडच्या मराठी मंडळींनी हे नाव आपल्या खात्यात धरायला हरकत नाही. वय अठराच्या आसपास.

लंडनच्या इंडिया हाउसमधून सावरकरांनी वीस ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. ती आणली तिथे स्वयंपाक करणाऱ्या चतुर्भुज अमीन यांनी, पेटीच्या चोरकप्प्यात. इथे आपल्या तुलनेचा मुद्दा येतो. १९०० च्या नमुन्याचं वजन धरलं तर वीस पिस्तुलं म्हणजे साडेबारा किलो. एका माणसाच्या सामानात, कपड्यांखाली ती बसू शकतात. वीस लष्करी रिव्हॉल्व्हरं किंवा वीस तलवारी अशा आणता आल्या असत्या का? इंग्रजांचा १८७८ चा कायदा दिसणाऱ्या हत्यारांच्या काळात लिहिलेला होता. या पेटीनं त्याला वळसा घातला.

२१ डिसेंबर १९०९ च्या रात्री नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. कलेक्टर जॅक्सन यांची बदली झाली होती, त्यांच्या सन्मानार्थ तो लावला होता. कान्हेरे प्रेक्षकांत होते. त्यांनी तिथेच जॅक्सन यांना गोळ्या घातल्या. जॅक्सन हे संस्कृतचे जाणकार, लोकांत मिसळणारे म्हणून ओळखले जात. पण बाबाराव सावरकरांना कविता छापल्याबद्दल जन्मठेप झाली, त्या खटल्याची सुरुवात त्यांच्याच हातून झाली होती आणि नाशिकच्या तरुणांच्या मनात तो राग धुमसत होता. कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी झाली. गुन्हा, खटला, फाशी, सगळं चार महिन्यांच्या आत.

अमीन पुढे सरकारी साक्षीदार झाले. वीस पिस्तुलांच्या त्या पेटीमुळे सावरकरांना दुसरी जन्मठेप झाली. तपासाचा धागा ग्वाल्हेरपर्यंत आला आणि तिथल्या 'नवभारत' मंडळींवर दरबारनं खटला चालवला. संस्थानी मराठी घरांना यानंतर एक गोष्ट नवीन शिकावी लागली. शेजारच्या घरात, शाळेत जाणाऱ्या पोराच्या खिशात काय आहे, हे आता पाहून कळत नव्हतं. पोलिसांनाही कळत नव्हतं. म्हणून त्यांनी खिसे सोडून माणसं मोजायला सुरुवात केली. कुणाचं आडनाव काय, पुण्या-नाशकाला कुणाचे नातेवाईक आहेत, कुणाकडे कोणतं वर्तमानपत्र येतं.

क्रांतिकारकांबद्दल आदर ठेवूनही हे म्हणता येईल. त्यांच्या धाडसाची किंमत त्यांनी दिलीच, पण लपलेल्या हत्याराचा संशय मागे राहिलेल्यांनाही झेलावा लागला.

आणखी लहान

ब्राउनिंग तिथे थांबले नाहीत. त्यांचं दुसरं पिस्तूल अमेरिकेत कोल्ट कंपनीनं १९०३ मध्ये काढलं. ते ८ गोळ्यांचं, वजन ६८० ग्रॅमच्या घरात, माप तेच .३२. त्याचा घोडा आत झाकलेला होता, त्यामुळे खिशातून काढताना काही अडकत नव्हतं. मुठीच्या मागे एक पट्टी होती, मूठ घट्ट धरल्याशिवाय ती दबत नाही आणि ती दबल्याशिवाय गोळी सुटत नाही. लपवून बाळगायचं हत्यार चुकून सुटलं तर बाळगणाराच मरेल, ही भीती खरी होती आणि त्यावरचा हा उपाय होता.

मग १९०६ च्या सुमारास एफएननं जाकिटाच्या खिशात मावेल असं पिस्तूल काढलं. लांबी साडेअकरा सेंटिमीटर, वजन जेमतेम ३६५ ग्रॅम, ६ गोळ्या, माप ६.३५ मिलिमीटर. पंजाखाली झाकलं जाईल एवढं. याची गोळी मात्र दुबळी. म्हणजे हत्यार जसजसं लहान होतं, तसतसं ते लपतं चांगलं आणि वाचवतं कमी. आजही लहान पिस्तूल निवडताना हाच हिशोब करावा लागतो. नळी आखूड झाली की नेम चुकतो, वजन कमी झालं की हाताला झटका जास्त बसतो, माप लहान केलं की गोळीत जोर राहत नाही. सगळंच हवं म्हटलं तर मिळत नाही.

इंदूर, १९२५

१२ जानेवारी १९२५ ची संध्याकाळ. मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला हे श्रीमंत व्यापारी मोटारीतून चालले होते. सोबत मुमताज बेगम. ही पूर्वी इंदूरच्या होळकर दरबारात होती आणि तिथून निघून आली होती. दुसऱ्या मोटारीतून आलेल्या माणसांनी त्यांना अडवलं. गोळ्या झाडल्या, सुरे चालवले. बावला मेले, मुमताजच्या चेहऱ्यावर वार झाले. तिला ओढून न्यायचा बेत होता.

बेत फसला तो योगायोगानं. गोल्फ खेळून परतणारे इंग्रज लष्करी अधिकारी त्याच रस्त्यानं आले. त्यांच्याकडे पिस्तूल नव्हतं. त्यांतल्या एका लेफ्टनंटनं गोळ्या लागलेल्या असतानाही गोल्फच्या काठीनं हल्लेखोरांना झोडपलं आणि माणसं तिथेच पकडली गेली. खिशातली पिस्तुलं एका बाजूला, हातातली काठी दुसऱ्या बाजूला, आणि त्या दिवशी काठीनं बाजी मारली. हत्यार लपवून आणणाऱ्याचा सगळा भरवसा समोरचा बेसावध असण्यावर असतो. कुणीतरी सावध होऊन अंगावर आलं की तो भरवसा संपतो.

आरोपी इंदूरचे निघाले, त्यांत दरबारातली मराठी माणसं होती. खटला देशभर गाजला, बॅरिस्टर जिनांनी आरोपींपैकी एका सरदाराची बाजू मांडली. शेवटी चौकशी आयोग की राजत्याग, असा प्रश्न तुकोजीराव होळकर तिसरे यांच्यासमोर आला आणि फेब्रुवारी १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. इंदूरच्या मराठी वस्तीत हा विषय पुढे दोन-तीन पिढ्या कुजबुजीतच बोलला गेला. ज्यांचा या प्रकरणाशी सुतराम संबंध नव्हता, अशा नोकरदार घरांनाही 'तुम्ही इंदूरचे ना?' हा प्रश्न मुंबईत ऐकावा लागायचा.

ग्वाल्हेर, १९४८

आता सगळ्यात अवघड भाग.

इटलीत बेरेट्टा हा शतकानुशतकं जुना कारखाना आहे. त्यांनी १९३४ मध्ये इटालियन सैन्यातल्या अधिकाऱ्यांसाठी आखूड पिस्तूल काढलं. लांबी १५ सेंटिमीटर, वजन ६६० ग्रॅम, ७ गोळ्या, माप ९ मिलिमीटर आखूड. हे ९ मिलिमीटर आखूड काडतूसही मूळचं ब्राउनिंग यांचंच, १९०८ मधलं. १९१४ मध्ये साराजेव्होत ऑस्ट्रियाच्या युवराजाला मारणारं पिस्तूल याच मापाचं होतं. त्यामुळे नाशिकचं पिस्तूल आणि दिल्लीचं पिस्तूल वेगवेगळ्या कारखान्यांतली असली, तरी त्यांचं मूळ एकाच माणसाच्या कारखानदारीत आहे.

लाल किल्ल्यातल्या खटल्यात पिस्तुलांची तुलना अक्षरशः साक्षीत आली. २० जानेवारी १९४८ ला दिल्लीत गांधीजींना मारायचा पहिला प्रयत्न झाला. त्या दिवशी कटवाल्यांकडे दोन रिव्हॉल्व्हरं होती. माफीचा साक्षीदार बडगे यानं सांगितलं की हिंदू महासभा भवनामागच्या झाडीत ती तपासली, तेव्हा एकाचं चक्र नीट चालेना आणि दुसऱ्याची गोळी झाडापर्यंत पोचेना. त्या दिवशी प्रार्थनासभेत स्फोट झाला, मदनलाल पाहवा पकडला गेला, बाकीचे पळाले.

त्यानंतर नथुराम गोडसे आणि नारायण आपटे भरवशाच्या पिस्तुलाच्या शोधात निघाले. सरकार पक्षाचं म्हणणं असं की २७ जानेवारीच्या रात्री ते दिल्लीहून गाडीनं ग्वाल्हेरला आले, डॉ. दत्तात्रय परचुरे यांच्याकडे उतरले, आणि दुसऱ्या दिवशी पाचशे रुपयांना बेरेट्टा मिळवून रात्रीच्या गाडीनं परत गेले. गोडसेनं हे नाकारलं. दिल्लीत निर्वासितांच्या छावणीत विकत घेतलं, असं तो म्हणाला. विशेष न्यायालयानं फेब्रुवारी १९४९ मध्ये डॉ. परचुरे यांना जन्मठेप दिली. पण शिमल्याच्या अपिलात त्यांचा कबुलीजबाब टिकला नाही आणि ते निर्दोष सुटले. ग्वाल्हेरचे तिघे आरोपी फरारी दाखवले होते, ते कधी सापडलेच नाहीत. कायद्याच्या दृष्टीनं गोष्ट इथे संपते, आणि तिच्यापुढे जाऊन कुणावर बोट ठेवायचा अधिकार आपल्याला नाही.

३० जानेवारीला संध्याकाळी बिर्ला हाउसच्या हिरवळीवर ७८ वर्षांचा निःशस्त्र माणूस प्रार्थनेला चालला होता. मारणारा हात जोडून पुढे आला. नमस्कारासाठी जोडलेल्या हातांत मावेल एवढंच ते पिस्तूल होतं. तीन गोळ्या. त्या आधी पोलिसांनी झडती घ्यावी असं सुचवलं होतं, पण प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती गांधीजींना मान्य नव्हती. समोरच्या माणसावर विश्वास ठेवायचा, ही त्यांची रीत होती. खिशातल्या पिस्तुलाचा घाव सगळ्यात जास्त बसतो तो अशाच विश्वासावर.

या कृत्याला बचाव नाही. आपल्यातला कुणी होता, म्हणून तर आपण ते जास्त स्पष्टपणे म्हणायला हवं.

आणि मग जे झालं तेही सांगायला हवं. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत ब्राह्मणांची घरं जळाली, वाडे लुटले गेले. मारणाऱ्याचं आडनाव आणि जात पाहून ज्यांचा काही संबंध नव्हता ते उघड्यावर आले. ग्वाल्हेरात पोलीस चौकशी झाली. शहराचं नाव देशभरातल्या वर्तमानपत्रांत पिस्तुलाच्या संदर्भात आलं. मराठी घरांतली माणसं हळू बोलायला लागली. काहींनी फोटो काढून ठेवले, काहींनी वह्या जाळल्या, बऱ्याच जणांनी फक्त विषय काढायचा सोडला. मुलांनी शाळेत काही विचारलं तर 'आपल्याला काय करायचंय' एवढंच उत्तर. पुढच्या पिढीला गप्प बसायची सवय वारशानं मिळाली, कारण मात्र कुणी सांगितलं नाही.

कपाटातल्या फडक्यातल्या पिस्तुलाबद्दल आजोबा का बोलत नव्हते, त्याचं एक उत्तर मला इथे सापडतं. त्या पिस्तुलाशी कुठल्याच कटाचा संबंध नसेल. रात्री-बेरात्री रुग्ण पाहायला जाताना चंबळच्या वाटांवर सोबत असावं म्हणून ते घेतलं असेल. पण लपलेलं हत्यार कोणत्या हेतूनं लपलंय, हे बाहेरून सांगता येत नाही. तलवारीचं तसं नव्हतं. तलवार कुणाची आणि कुणासाठी, हे साऱ्या गल्लीला माहीत होतं. तिनं कुणाला मारलं, तर त्या एकाला धरता यायचं. खिशातल्या पिस्तुलानं तो एक माणूस गर्दीत दिसेनासा केला, आणि मग लोकांनी सगळ्या गर्दीलाच धरलं.

आज

एक मजेची गोष्ट अशी की ब्राउनिंगचं .३२ माप आपल्या देशात अजून जिवंत आहे. ९ मिलिमीटरची लष्करी हत्यारं सामान्य नागरिकाला बंद असल्यामुळे परवान्यावर घ्यायचं म्हणजे बहुतेक वेळा .३२. इशापूरच्या सरकारी कारखान्याचं 'अशनी' पिस्तूल त्याच मापाचं. कानपूरच्या सरकारी कारखान्यानं २०१४ मध्ये महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे अर्धा किलो वजनाचं रिव्हॉल्व्हर आणलं, तेही .३२. फक्त लक्षात ठेवा, पिस्तुलाचं .३२ आणि रिव्हॉल्व्हरचं .३२ यांची काडतुसं वेगळी असतात, एकाचं दुसऱ्यात चालत नाही. वारशानं आलेल्या हत्याराबरोबर डब्यात जुनी काडतुसं सापडली तर ती हाताळू नका, जाणकाराला दाखवा.

ग्वाल्हेर-चंबळमध्ये परवान्याची हौस किती आहे, ते इथल्या मंडळींना सांगायला नको. २००८ मध्ये शिवपुरीत नसबंदी करणाऱ्याला बंदुकीचा परवाना लवकर देण्याची योजना निघाली होती, यावरून ओळखा. शिवाय बिनपरवान्याचा कट्टा वेगळाच. निवडणूक आली की परवान्याची हत्यारं ठाण्यात जमा करायच्या रांगा लागतात. लग्नात हवेत गोळ्या झाडणं २०१९ च्या दुरुस्तीनं स्पष्टपणे गुन्हा ठरवलं. त्याच दुरुस्तीनं एका माणसाकडची हत्यारं तीनवरून दोनवर आणली, आणि वारशानं आलेलं हत्यारही त्या दोनांतच मोजलं जातं.

तेव्हा आपल्यापैकी कुणाच्या घरात आजोबा-पणजोबांचं जुनं पिस्तूल फडक्यात पडून असेल आणि परवाना मूळ माणसाबरोबरच संपला असेल, तर ते तसंच ठेवणं गुन्हा आहे. शस्त्र कायद्यानुसार ते जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करता येतं, आणि वारसाला परवान्यासाठी अर्ज करता येतो. परवानाधारक हयात असतानाही त्याचं वय ७० झालं किंवा हत्यार २५ वर्षं त्याच्याकडे असलं, तर वारसाच्या नावे करायची सोय नियमांत आहे. आणि परवाना असला तरी जत्रेत, मिरवणुकीत, सभेत ते नेता येत नाही, ही अट जुनीच आहे. नाशिकचं नाट्यगृह आणि दिल्लीची प्रार्थनासभा आठवली की या अटीचं कारण कळतं.

पण हत्यार जमा करण्याआधी एक काम करा. त्याची गोष्ट लिहून ठेवा. कारखान्याचं नाव, माप, कुणी घेतलं, कोणत्या साली, कोणत्या दरबारच्या परवान्यावर, कोणत्या भीतीपोटी. परवान्याचा जुना कागद असेल तर त्याचा फोटो काढा. मोडी कागद असेल तर वाचून घ्या. तलवारीच्या गोष्टी आपण पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो, त्या थोड्या खोट्या असल्या तरी चालल्या. या दुसऱ्या हत्याराच्या गोष्टी मात्र खऱ्याच लिहायला हव्यात, कारण त्या न सांगितल्यामुळेच आपल्या घरांत इतकी वर्षं कुजबुज राहिली.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदं, हैदराबाद, बेळगाव, गोवा, जिथे कुठे असाल तिथून लिहा. विशेषतः १९४८ च्या त्या फेब्रुवारीत आपल्या घरात कोण काय बोललं, किंवा काय बोलायचं टाळलं, हे ज्यांनी आई-आजीकडून ऐकलं असेल त्यांनी जरूर लिहा. त्या पिढीतली माणसं आता बोटावर मोजण्याइतकीच उरली आहेत.